उद्यान आधी की पायवाटा? पंचायतीच्या निधीचा अग्रक्रम कसा ठरवावा

डिचोलीकर (विचारणा)

नमस्कार. गोव्याच्या डिचोली तालुक्यातील आमच्या गावात पंचायतीचे एक लहान उद्यान आहे आणि वाड्यांना शाळेशी व तळीशी जोडणाऱ्या जुन्या पायवाटा आहेत. उद्यानातील घसरगुंडीचा पत्रा कडेला गंजून उचकटला आहे, त्यामुळे आया मुलांना तिच्यावर बसू देत नाहीत. शाळेच्या वाटेवरील चिऱ्यांच्या पायऱ्यांवर पावसाळ्यात शेवाळ धरते आणि वयस्कर माणसे त्या वाटेने जाणेच टाळतात. पंचायतीपुढे मात्र सध्या उद्यानाला कमान, कारंजे आणि रंगीत दिवे बसवण्याचा प्रस्ताव आहे. पायवाटा आधी घ्याव्यात, असे मला ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मांडायचे आहे. अग्रक्रम कोणत्या निकषांवर ठरवावा आणि पैसा कोठून उभा करावा, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

माजी पंच, फोंडा

निकषांच्या आधी जमिनीचा प्रश्न पाहा. एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमीन कोणाच्या नावावर आहे हे दाखवणारा सरकारी दाखला, काढून वाट कोणत्या सर्व्हे क्रमांकांतून जाते ते तपासा, कारण आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सर्वांनी वापरलेली वाटही कागदोपत्री कोमुनिदादची (गावच्या जुन्या सामुदायिक जमीन-संस्थेची), देवस्थानची किंवा एखाद्या भाटकाराची (जमीनदाराची) निघते. लेखी संमती न घेता पंचायतीने तेथे खर्च केला, तर एका तक्रारीवर काम थांबते आणि मंजूर झालेला निधी पडून राहतो. काही भाग वनक्षेत्रात येत असेल, तर वन खात्याकडे आधीच अर्ज करावा.

पैशांच्या बाबतीत माझे स्पष्ट मत असे आहे की घरपट्टी आणि व्यवसाय परवाने यांतून येणारे पंचायतीचे स्वतःचे उत्पन्न देखभालीसाठी राखून ठेवावे, कारण बाहेरचा पैसा नव्या बांधकामाला मिळतो, गवत कापायला आणि झोपाळ्याची साखळी बदलायला मिळत नाही. खासदार निधी वर्षाला ५ कोटी रुपयांचा असतो आणि त्यातून सार्वजनिक उपयोगाची कायमस्वरूपी कामे सुचवता येतात. तुमचा तालुका खाणपट्ट्यातील असल्याने २०१५ च्या कायदादुरुस्तीनुसार स्थापन झालेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडेही प्रस्ताव पाठवता येईल, मात्र गाव खाणग्रस्त क्षेत्रात मोडते हे त्यात दाखवावे लागेल. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ खाली येणाऱ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करायचे असतात. त्यांच्याकडे जाताना आराखडा, अंदाजपत्रक आणि जमिनीचा ना हरकत दाखला हाती असला, तरच पुढचे बोलणे होते.

निवृत्त अभियंता, सत्तरी

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. माझा मुद्दा पाण्याचा आहे आणि तो मी आग्रहाने मांडतो. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. उतारावरच्या वाटेच्या वरच्या अंगाला गटार नसेल, तर डोंगराचे पाणी वाटेवरूनच धावते, पेव्हर ब्लॉकखालची माती धुऊन नेते आणि दोन पावसाळ्यांत फरशी खचते. म्हणून अंदाजपत्रकात आधी कडेचे गटार, नंतर पाणी आडवे काढून देणाऱ्या मोऱ्या, त्यानंतर पायऱ्या आणि कठडा, असा क्रम ठेवावा. पायऱ्यांना जांभा चालेल, पण पृष्ठभाग खरबरीत ठेवून पाणी पुढे वाहून जाईल इतका हलका उतार द्यावा, कारण पाणी साचते तेथेच शेवाळ धरते. कामाचा हंगाम नोव्हेंबर ते मे एवढाच असतो, आणि निविदेलाही वेळ लागतो, म्हणून ठराव ऑक्टोबरमध्येच व्हायला हवा. जानेवारीच्या ग्रामसभेत झालेल्या ठरावाचे काम बहुधा पावसात अडकते.

मुख्याध्यापिका, पेडणे

उद्यान मागे ठेवण्याची मांडणी मला पटत नाही. घसरगुंडीचा फाटका पत्रा हा शोभेचा प्रश्न नसून तेथे मुलाच्या हाताला इजा होऊ शकते, आणि तो बदलण्याचा खर्च इतका लहान आहे की त्यासाठी कोणत्याही योजनेची वाट पाहू नये. कोण किती वापरते हे ठरवताना केवळ जे येतात त्यांचीच मोजणी करू नका. संध्याकाळी शिकवणीहून परतणाऱ्या मुली पायवाट सोडून लांबच्या रस्त्याने का जातात, हे त्यांनाच विचारा. बहुतेक ठिकाणी उत्तर एका बंद पडलेल्या दिव्यापाशी येऊन थांबते. धोका, पर्यायी वाटेचा अभाव आणि वापरणाऱ्यांची संख्या, या क्रमाने विचार केला, तर कमान आणि कारंजे आपोआप शेवटी जातात, त्यासाठी कोणाशी वाद घालावा लागत नाही.

डिचोलीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. घसरगुंडी आणि दिवे यांचा ठराव वेगळा, पंचायतीच्या स्वनिधीतून मांडतो. शाळेच्या वाटेचा उतारा येत्या आठवड्यात काढतो. ठरावात देखभालीचा उल्लेख कसा करावा?

माजी पंच, फोंडा

काम, सर्व्हे क्रमांक, निधीचा स्रोत आणि त्यानंतरच्या तीन वर्षांच्या देखभालीची तरतूद, ही चारही अंगे एकाच ठरावात लिहून घ्या. कामावर देखरेख ठेवणाऱ्या ग्रामसभेच्या समितीत त्या वाटेवरच्या वाड्यातील माणसे असावीत, हेही त्यात नोंदवा, आणि इतिवृत्ताची प्रत सचिवांकडून लेखी अर्ज करून मागून घ्या.