शहर कुठे संपत होते? छत्रपती संभाजीनगरात राहायला आलेल्यांचे अनुभव

शहरात नवा माणूस राहायला आला की जुना माणूस त्याला हमखास सांगतो, "आम्ही आलो तेव्हा इथे सगळे रान होते." हे वाक्य मी पैठण गेटजवळच्या एका आजोबांकडून ऐकले आहे, सिडकोतल्या काकूंकडून ऐकले आहे, आणि देवळाईच्या डोंगराखाली चारच वर्षांपूर्वी घर बांधलेल्या गृहस्थांकडूनही तितक्याच ठसक्यात ऐकले आहे. प्रत्येकाच्या लेखी शहर त्याच्या दारापाशी संपत होते आणि नंतर ते इतरांनी वाढवले.

या धाग्यावर सर्वांनी आपापला अनुभव लिहावा, अशी विनंती आहे. आपण राहायला आलात तेव्हा वस्ती कुठवर होती, पाणी कुठून येत होते आणि शेजारी कोणत्या गावचे होते, एवढे आले तरी पुरे. शहराच्या नावावरून वाद नको. ज्या काळची आठवण असेल त्या काळचे नाव लिहावे.

गुलमंडी परिसर, वय 76

माझा जन्म इथलाच, त्यामुळे "राहायला आलो" असे मला म्हणता येत नाही. मी शाळेत होतो तेव्हा औरंगाबादची लोकसंख्या लाखाच्या आत होती आणि क्रांती चौकाच्या पुढे एकट्याने सायकलवर जायला आई परवानगी देत नसे. आमच्या वाड्यातल्या हौदात नहरीचे पाणी येत असे. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी, म्हणजे हेच शहर, वसवली आणि डोंगराच्या बाजूचे पाणी जमिनीखालच्या नळांनी, केवळ उताराच्या जोरावर, मोहल्ल्यामोहल्ल्यांत आणले. त्या नहरीचा शेवटचा काळ माझ्या पिढीने पाहिला. हौदाच्या तळाशी हिरवट शेवाळ असे आणि वर्षातून एकदा तो उपसून घासण्याचे काम आम्हा मुलांकडे असे. हौद भरत असताना तोंडातून आधी हवेचा गुडगुड आवाज येई, मग दोन-तीन गचके बसत आणि मग पाण्याची संथ धार लागे.

शहर वाढले असे सगळे म्हणतात. माझी गल्ली मात्र ओस पडली, हे कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो. आमच्या गल्लीत हिमरू विणणारे होते, मारवाडी व्यापारी होते, दोन वकील होते आणि एक वैद्य होते. त्यांच्या मुलांनी आधी सिडकोत, मग गारखेड्याला आणि आता बीड बायपासला घरे घेतली. वाड्यांची गोदामे झाली. दिवसा इथे पाय ठेवायला जागा नसते, पण रात्री दहानंतर गल्लीत दिवा लागलेली तीन घरे उरतात आणि त्यातले एक आमचे.

सांख्यिकीच्या कामातून निवृत्त, समर्थनगर

काकांच्या लेखनाला आकड्यांची जोड देतो. 1991 च्या जनगणनेत महापालिका हद्दीची लोकसंख्या 5,73,272 होती, 2001 मध्ये 8,73,311 आणि 2011 मध्ये 11,75,116. हे आकडे वाचताना एक पथ्य पाळावे लागते. शहराची लोकसंख्या माणसे जन्मल्याने वाढते, माणसे आल्याने वाढते आणि हद्द सरकल्यानेही वाढते. 8 डिसेंबर 1982 रोजी नगरपालिकेची महापालिका झाली तेव्हा भोवतालची अठरा गावे आत घेतली गेली. हर्सूलचा किंवा मुकुंदवाडीचा शेतकरी स्वतःच्या घरातून न हलता नागरिक झाला. उलट वाळूजकडची दाट कामगारवस्ती महापालिकेच्या हद्दीबाहेर असल्यामुळे या आकड्यांत मोजलीच जात नाही. 2021 ची जनगणना झाली नाही. त्यामुळे आज शहराची लोकसंख्या म्हणून जो आकडा सांगितला जातो तो अंदाज असतो, आणि पाण्याच्या योजना अशाच अंदाजांवर आखाव्या लागतात.

सिडको एन-8, निवृत्त शिक्षिका

राज्य शासनाने 1972 मध्ये नवीन औरंगाबादचे काम सिडकोकडे, म्हणजे शासनाच्या नगरनियोजन महामंडळाकडे, दिले, हे मला पुढे कळले. आम्हाला तेव्हा एवढेच कळत होते की चिकलठाण्याच्या कंपनीत यजमानांना नोकरी लागली आहे आणि सोडतीत घर लागले आहे. 1984 च्या जूनमध्ये आम्ही सामान घेऊन आलो. दोन खोल्या, न्हाणीघर, पुढे चार पावलांचे अंगण आणि सगळीकडे काळी माती. पहिल्या पावसात चपला मातीत रुतून बसल्या त्या तिथेच राहिल्या. "एन-आठ" हा पत्ता सासूबाईंना काही केल्या पटत नसे. गावाला नाव असते, आकडा कसा असेल, असे त्या म्हणत.

आमच्या ओळीत अंबड, भोकरदन, गंगापूर, परळी, औसा आणि कळंब अशा तालुक्यांतली कुटुंबे होती. बहुतेक घरांत एक पगार आणि गावाकडून आलेला एक तरी शिकणारा दीर किंवा भाचा असे. विद्यापीठ होते, मिलिंद महाविद्यालय होते, घाटीचे सरकारी रुग्णालय होते. मराठवाड्यातल्या पोराला शिकायचे किंवा आजाऱ्याला दाखवायचे म्हणजे हेच शहर. बाळंतपणाला किंवा ऑपरेशनला आलेले गावाकडचे माणूस आमच्याकडे उतरले नाही, असा महिना आठवत नाही.

आता त्या ओळीत चौदा घरांपैकी नऊ घरांत फक्त म्हातारी माणसे आहेत. मुले पुण्याला गेली. वर मजले चढले आणि त्यांत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुली भाड्याने राहतात. माझ्याकडे सध्या सहा मुली आहेत, त्यांतली एक कळंबचीच. तिचे आजोबा एकेकाळी आमच्या समोरच्या घरी पाहुणे म्हणून येऊन गेले होते, हे बोलता बोलता निघाले.

रांजणगाव शेणपुंजी, मशीन ऑपरेटर

मी शिरूर कासार तालुक्यातला. आईवडील ऊसतोडीला जात. मुकादमाकडून उचल घेतली की दसऱ्यानंतर गाव अर्धे रिकामे होई आणि आम्ही भावंडे आजीजवळ राहत असू. बारावी झाल्यावर कोयता हातात घ्यायचा नाही एवढेच ठरवून 1996 मध्ये मी वाळूजला आलो. दहा बाय दहाच्या पत्र्याच्या खोलीत आम्ही पाच जण राहत होतो. तीन पाळ्यांमुळे खोलीत एका वेळी कधीच पाच जण नसत, म्हणून तीन गाद्या पुरत. उठणाऱ्याची गादी गरम असतानाच रात्रपाळीहून आलेला तीवर आडवा होत असे.

बजाजचा कारखाना इथे 1985 च्या सुमारास सुरू झाला आणि त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कंपन्या भोवती उभ्या राहिल्या. माझ्यासारख्यांना काम मिळाले ते अशाच एका लहान कंपनीत, कंत्राटदारामार्फत. सात महिने झाले की ब्रेक, मग दुसऱ्या नावाने पुन्हा भरती. कायम व्हायला मला नऊ वर्षे लागली. लेथवर माझ्या डाव्या हाताचे बोट गेले त्या दिवशीही मी कागदावर कोणाचा कामगार होतो, याचा उलगडा मला आजवर झालेला नाही.

गावातल्या मूळ लोकांनी शेतात खोल्यांच्या ओळी बांधल्या, कारण कपाशीपेक्षा भाडे खात्रीचे होते. अशा एका ओळीत वीस खोल्या, दोन संडास आणि एक नळ असे. रांजणगाव वस्तीने केव्हाच शहर झाले आहे, पण कारभार आजही ग्रामपंचायतीचा आहे. सरपंचाला मत देणारा आणि इथे राहणारा हे दोन वेगळे लोक आहेत. खोलीत राहणाऱ्यांपैकी कितीतरी जण मत द्यायला जीपने बीडला, जालन्याला, हिंगोलीला जातात. मीही 2009 पर्यंत जात होतो. अलीकडे खोल्यांत बिहार आणि उत्तर प्रदेशची मुले जास्त दिसतात. आमचे घरमालक त्यांच्याशी हिंदी बोलतात आणि ती मुले दुसऱ्या वर्षी मालकांना "काका, पाणी सोडा ना" असे मराठीत म्हणू लागतात.

मी आता इथेच पाचशे चौरस फुटांत घर बांधले आहे. वडील कोयता ठेवून इकडे आले. त्यांना करमत नाही, ही खरी गोष्ट आहे. ते संध्याकाळी कंपनीच्या गेटसमोर जाऊन बसतात आणि सुटणाऱ्या पाळीतली माणसे पाहतात.

सातारा परिसर, महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक

आमच्यासारख्यांचा अनुभव गुंठेवारीचा, म्हणजे शेतजमिनीचे मंजुरीविना पाडलेले छोटे प्लॉट घेण्याचा आहे. 2006 मध्ये आम्ही वीस बाय तीसचा, म्हणजे सहाशे चौरस फुटांचा प्लॉट शंभर रुपयांच्या बॉण्डवर घेतला. जमीन अकृषिक नव्हती, मंजूर रेखांकन नव्हते, म्हणून बँक कर्ज देईना. पतसंस्थेचे कर्ज काढून चार भिंती उभ्या केल्या. मुरूम आम्ही गल्लीतल्या अकरा जणांनी वर्गणी काढून टाकला. फसवणूक झाली का, असे लोक विचारतात. काय घेतो आहोत हे आम्हाला माहीत होते. मंजूर वसाहतीतला प्लॉट आमच्या पगारात बसत नव्हता. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा 2001 मध्ये झाला, 2021 मध्ये त्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढली, आणि त्यानंतर फाईल घेऊन मी एका कार्यालयात इतक्या चकरा मारल्या की तिथला शिपाई मला नावाने ओळखू लागला.

तरी प्लॉटच्या कागदाची चिंता वर्षातून चार वेळा होते, पाण्याची रोज होते. इथला खडक बेसाल्टचा. पाणी त्याच्या भेगांतच सापडते. आमच्या शेजाऱ्यांच्या बोअरला दीडशे फुटांवर पाणी लागले आणि आमची बोअर त्याच भिंतीला लागून साडेतीनशे फुटांपर्यंत कोरडी गेली. वर नुसती राखाडी धूळ उडत होती आणि सौभाग्यवती पदर नाकाला लावून फुटांचे पैसे मोजत होत्या. टँकर आला की आधी छपरावरची टाकी, मग दोन निळे ड्रम, मग कळशा, मग बादल्या हा क्रम ठरलेला. ड्रमवर झाकण म्हणून जुना पंखा काढून टाकलेली कूलरची जाळी आणि तिच्यावर फडके असते.

नळ असलेल्या भागातले लोक फार सुखात आहेत असे समजू नये. शहराला पाणी देणारा नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, पैठणला, सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे आणि शहर धरणापेक्षा उंचावर असल्यामुळे पाणी टप्प्याटप्प्याने उपसून नक्षत्रवाडीला आणावे लागते. 700 आणि 1400 मिलिमीटर व्यासाच्या जुन्या वाहिन्या कुठे फुटल्या किंवा पंपाची वीज गेली की सगळ्या वसाहतींची पाळी एक दिवस पुढे सरकते. माझ्या मेहुणीकडे सहाव्या दिवशी पाणी येते, उन्हाळ्यात आठव्या. तिच्या मुलाच्या साखरपुड्याची तारीख काढताना भटजींनी पंचांग पाहिले आणि तिने पाणी सोडणाऱ्या लाइनमनला फोन केला. मुहूर्त लाइनमनच्या तारखेचा निघाला. 2,500 मिलिमीटरच्या नव्या वाहिनीसाठी रस्ते खोदले जाताना आमच्याकडचे लोक अक्षरशः नारळ घेऊन पाहायला गेले होते.

बिडकीन, शेतकरी

मी थोडक्यात लिहितो. औद्योगिक पट्ट्यासाठी आमची सहा एकर जमीन गेली, एकरी 23 लाख रुपये मिळाले. भावाभावांत वाटण्या झाल्या. एकाने फुलंब्रीकडे जमीन घेतली, एकाने शहरात फ्लॅट घेतला, धाकट्याने गाडी घेतली आणि ती विकलीही. मोबदला कमी होता असे मी म्हणणार नाही. पण सहा एकरांवर आम्ही चौघे भाऊ, दोन सालदार आणि खुरपणीला येणाऱ्या दहा-बारा बाया जगत होतो. त्यांपैकी मोबदला फक्त चौघांना मिळाला. त्या बाया आता शहरात इमारतींच्या कामावर जातात. पहाटे फाट्यावर टेम्पोची वाट पाहत उभ्या दिसतात, तेव्हा मी गाडी थांबवत नाही, कारण काय बोलावे ते सुचत नाही.

परभणीहून आलेला विद्यार्थी

मी दोन वर्षांपासून टी. व्ही. सेंटरजवळच्या अभ्यासिकेत बसतो. महिन्याची खुर्ची, खानावळ आणि खोलीचे भाडे एवढेच माझे शहर आहे. शहर कुठे संपते हे मला ठाऊक नाही. परीक्षा झाली की परभणी किंवा पुणे, इथे राहण्याचा विचार माझ्या खोलीतल्या चौघांपैकी कोणाचाच नाही. जागा सोडली की ती त्याच दिवशी भरते, हे मात्र पाहिले आहे.

झाल्टा फाटा

वरचे सगळे अनुभव वाचले. आम्ही या दिवाळीत इथे राहायला आलो. मागच्या बाजूला हरभरा आहे आणि रात्री शेतकऱ्याच्या मोटारीचा आवाज येतो. गल्लीत आमचेच घर शेवटचे. विजेचा खांबही आमच्या दारात संपतो. शेजारचे कुटुंब सिल्लोडचे आहे आणि त्यांच्या पलीकडे कोणी नांदेडचे येणार आहेत म्हणतात, त्यांचा पाया खणून झाला आहे. या बाजूला छोटा टँकर, दोन हजार लिटरचा, रविवारी आणून देणारे कोणी असल्यास कृपया कळवावे. मोठा टँकर आमच्या वळणावर वळत नाही.

धागाकर्ता

टँकरवाल्यांचे क्रमांक येथे जाहीर लिहू नयेत, खासगी निरोपाने पाठवावेत. झाल्टा फाट्याच्या ताईंना आतापर्यंत चौघांनी पाठवले आहेत.