मॅग्नेट जड म्हणजे वूफर चांगला का? साडेसहा इंची ड्रायव्हर निवडायचाय

खानापूरकर

नमस्कार मंडळी. घरासाठी दोन स्पीकर स्वतः बांधूलोय. खालच्या सुरांना साडेसहा इंची वूफर, वरच्या सुरांना एक इंची सिल्क डोम ट्वीटर, असा टू-वे. बाबा पहाटे पाचला उठून शास्त्रीय लावतात. कुमार गंधर्वांचा जन्म आपल्या सुळेभावीचा, त्यामुळे त्यांचा आवाज आमच्या घरात रोजचाच. पण आत्ताच्या डब्यातून तंबोरा नुसता भुणभुणतो आणि डग्ग्याची घुमक येतच नाही, 'धप' एवढंच ऐकू येतं. मला ती घुमक हवी आहे.

परवा बेळगावात दोन वूफर हातात घेऊन बघितले. एकाला पत्र्याची बास्केट (स्पीकरचा सांगाडा), पण मॅग्नेट जबर, त्यावर रबरी टोपण. दुसऱ्याला ओतीव अॅल्युमिनियमची बास्केट, मॅग्नेट जवळजवळ निम्मं, आणि जोडीमागे बाराशे रुपये जास्त. दुकानदार म्हणाला, "वजन बघा की ओ, वजनातच बास असतो." पैसे कशाला द्यायचे, बास्केटला की मॅग्नेटला?

निपाणीचा साऊंडवाला

मॅग्नेट जडच घ्या. आमच्या मंडपाच्या टॉपला सगळे जड मॅग्नेटचेच स्पीकर आहेत, रात्रभर वाजतात. हवं तर कापडी कडेचा बारा इंची पीए (मंडपातला) ड्रायव्हर घ्या, थोड्या वॅटमध्ये घर दणाणेल.

उद्यमबाग लेथ

निपाणीच्या अण्णांचं मंडपापुरतं बरोबर आहे. पीए ड्रायव्हरचा पेपर (पुढचा हलणारा शंकू) हलका, कड ताठ, त्यामुळे कमी वॅटमध्ये मोठा आवाज निघतो. पण त्याची हालचाल थोडी, आणि घरात मावेल एवढ्या डब्यात तो खाली उतरत नाही. खानापूरकरांना डग्गा ऐकायचा आहे, मिरवणूक नाही.

माझी तीस वर्षं फाउंड्री आणि मशीन शॉपमध्ये गेली, म्हणून मी स्पीकरकडे आधी यंत्र म्हणून बघतो. २००९ साली मीही वजन बघून एक जोडी आणली होती. सहा महिन्यांत एक वूफर घासायला लागला. टाकून देण्याआधी तो लेथवर उघडला. टॉप प्लेट (मॅग्नेटवरची लोखंडी चकती) ५ मिलिमीटर, पेपरला जोडलेल्या तारेच्या कॉइलची उंची ७. यातला फरक निम्मा करा: १ मिलिमीटर. पेपर एका बाजूला सरळ रेषेत एवढाच जाऊ शकतो, त्यापुढे कॉइल चुंबकाच्या पट्ट्याबाहेर पडते आणि आवाज फाटतो. मागे पाच किलोचं मॅग्नेट लावलं असतं तरी हा एक मिलिमीटर वाढला नसता. शिवाय पोल (कॉइलच्या आतला लोखंडी दांडा) मध्यावर नव्हता. फीलर गेज (फट मोजायची पट्टी) घातला तर एका बाजूला फट भरपूर, दुसरीकडे कॉइल टेकलेली, आणि पोलवर तिचा ओरखडा स्वच्छ दिसत होता.

मॅग्नेटचा जोर पोल आणि प्लेटमधल्या, कॉइल हलते त्या बारीक फटीत पोचला तरच उपयोगाचा. पोल आणि प्लेटचं लोखंड कमी पडलं की ते सॅच्युरेट होतं, म्हणजे आणखी चुंबकत्व वाहून नेत नाही, आणि उरलेला फ्लक्स (चुंबकाचा जोर) बाहेर सांडतो. दुकानात मागच्या बाजूला पाना खेचून दाखवतात ना, तो हा सांडलेला फ्लक्स असतो.

आता बास्केट. ओतीव बास्केट दिसायला छान म्हणून नव्हे, ती पिळत नाही म्हणून घ्यायची. पत्र्याची बास्केट थोड्या उंचसखल फळीवर चार स्क्रूंनी आवळली की पीळ खाते, फट सरकते, आणि दुकानात नीट वाजलेला वूफर घरी घासायला लागतो. दुसरं, अॅल्युमिनियम चुंबकाचा फ्लक्स खेचून घेत नाही. पण जाड पत्र्याची, नीट दाबलेली बास्केट असलेले उत्तम वूफरही मी वाजवले आहेत, त्यामुळे एवढ्यावरून नापास करू नका. पत्र्याची असेल तर खाली गॅस्केट घालायचं आणि स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे, गाडीच्या हेडचे नट आवळतो तसे.

दुकानात हे करा. डस्ट कॅपच्या भोवती चार बोटं ठेवून पेपर सरळ आत दाबा, कान जवळ न्या. खरखर आली की ठेवून द्या. स्पायडर (कॉइल मध्यावर धरणारी सुरकुत्यांची चकती) आणि कडेचा डिंक सगळीकडे सारखा आहे का बघा. स्पायडरच्या खाली हवेला वाट हवी, कॉइलची उष्णता तिथूनच बाहेर पडते. कड रबराची घ्या. फोमची कड आपल्याकडच्या दमट हवेत काही वर्षांत भुगा होते. डेटाशीट मागा, त्यात कॉइलची आणि फटीची उंची (म्हणजे टॉप प्लेटची जाडी) बघा. पोलवर तांब्याची टोपी किंवा शॉर्टिंग रिंग (धातूचं कडं) असेल तर थोडे जास्त पैसे खुशाल द्या. गाणाऱ्याचा गळा ज्या पट्टीत असतो तिथली विकृती त्यानं कमी होते.

आणि घरी आणल्यावर मोजा, न मोजता फळी कापू नका. अॅम्प्लिफायरच्या वाटेत १ किलोओहमचा रेझिस्टर घालून वूफर जोडायचा, मोबाईलवरून २० हर्ट्झपासून सूर हळूहळू चढवायचा. मल्टिमीटरवर वूफरच्या दोन टोकांत व्होल्टेज जिथं सगळ्यात जास्त, तो त्याचा एफएस, म्हणजे वूफर आपणहून घुमतो तो सूर. आरईडब्ल्यू हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यातून क्यूटीएसही मिळतो, म्हणजे ते घुमणं किती आवरलं जातं त्याचा आकडा. व्हीएएससाठी (पेपरइतकीच लवचिक हवा किती लिटर, ते) पेपरला पुट्टीची गोळी चिकटवून पुन्हा मोजायचं. गोळीचं वजन सोनाराच्या काट्यावर करून घ्या, मी तसंच करतो. इंजिनिअर थील यांनी १९६१ साली ऑस्ट्रेलियात याचं गणित मांडलं, स्मॉल यांनी पुढं नेलं. त्याआधी डब्याचं माप बरंचसं अंदाजानं काढावं लागायचं.

खानापूरकर

लेथवाले अण्णा, ओतीव बास्केटचेच घेतले. कॉइल १६, फट ६. रविवारी दिवसभर मोजत बसलो. एकाचा एफएस ४१ हर्ट्झ, दुसऱ्याचा ४३. क्यूटीएस दोन्हींचा ०.५ च्या आसपास, व्हीएएस २० लिटर. पोर्ट (डब्याला हवेचं भोक) काढू की बंद डबा करू?

उद्यमबाग लेथ

१६ आणि ६ म्हणजे एका बाजूला ५ मिलिमीटर. शाब्बास. जोडीत दोन हर्ट्झचा फरक चालतो.

बंद डबा करा. क्यूटीएस ०.५ ला पोर्ट काढला की बास फुगतो, डग्गा संपला तरी घुमत राहतो. डब्यात बसवल्यावर हा आकडा ०.७०७ व्हावा असं धरलं तर तुमच्या आकड्यांना व्हीएएसएवढाच डबा येतो, २० लिटर. एफएस १.४१ पटीनं वर जाईल, म्हणजे साधारण ५९ हर्ट्झ. आतून २० × २९ × ३७ सेंटिमीटर ठेवा, साडेएकवीस लिटर होतात. वूफर आणि आतली आडवी पट्टी दीड लिटर खातील.

१८ मिलिमीटरच्या फळीनं पुढची रुंदी २३.६ सेंटिमीटर होईल. अंदाजे ४९० हर्ट्झच्या खाली आवाज मागे पसरून बारीक होत जातो, तेवढं क्रॉसओव्हरमध्ये (वूफर-ट्वीटरला सूर वाटून देणारं सर्किट) भरून काढा, नाहीतर गळा पातळ लागेल. ट्वीटरचा एफएस ९०० हर्ट्झ असेल तर क्रॉसओव्हर १८०० च्या खाली तोडू नका. क्रॉसओव्हरची कॉइल मोटर वाइंडिंगवाल्याकडून १८ गेजच्या इनॅमल तारेची करून घ्या, लोखंडी गाभा नको. दोन कॉइल लांब आणि एकमेकींना काटकोनात बसवा.

वडगावचा सुतार

खानापूरच्या पावसात एमडीएफची कड उघडी राहिली की फुगते. आयएस ७१० चा मरीन प्लाय घ्या, महाग पडतो पण टिकतो. एमडीएफच घेणार असाल तर प्रत्येक कापलेली कड आतूनसुद्धा सीलरनं दोनदा भरा. सांध्यांना आतून डिंकाची रेघ ओढा. वूफर बसवल्यावर पेपर हळूच दाबून सोडा. सावकाश वर आला तर डबा बंद आहे, टुणकन आला तर कुठंतरी हवा जाते.

खानापूरकर

एक सावकाश आला, दुसरा टुणकन. मेणबत्ती फिरवून बघितलं, मागच्या टर्मिनलच्या खाली ज्योत हलली. सिलिकॉन भरून ठेवलंय. उद्या पहाटे पाचला बाबांना लावून देतो.