‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे न पेटणारं नाही!

ए-१०२ काका: पेंटरचे थिनरचे डबे मीटरच्या खोलीला लागून कोणी ठेवले जी? मे महिना आहे, पारा ४५ ला टेकून राहिला. डब्यावर ठळक ‘हायली इन्फ्लेमेबल’ लिहिलं आहे, जरा वाचत जा.

बी-२०४ वहिनी: काका, आमच्या पोट्ट्याने वाचलं न. तो म्हणतो, इनव्हिजिबल म्हणजे न दिसणारं, तर इन्फ्लेमेबल म्हणजे न पेटणारं. म्हणून तिथंच खेळत होते सगळे 😟

ए-१०२ काका: अरे बाप्पा! सी-३०१ मॅडम, तुम्हीच सांगा आता.

सी-३०१ मॅडम: वहिनी, त्याला रागावू नका. हुशारीनं विचार केला त्यानं. लॅटिनमध्ये ‘इन’ दोन आहेत. एक ‘नाही’ सांगणारा, दुसरा ‘आत’ सांगणारा. ‘इन्फ्लामारे’ म्हणजे पेटवणं, त्यात हा दुसरा. सूज आली की डॉक्टर ‘इन्फ्लमेशन’ म्हणतात, तोही इथलाच. इंग्रजी बोलणाऱ्यांचाही हाच घोळ होतो, म्हणून १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशननं ‘फ्लेमेबल’ लिहा असा आग्रह धरला. दोन्हींचा अर्थ एकच. न पेटणाऱ्याला ‘नॉनफ्लेमेबल’ म्हणायचं. आणि थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते. पोरांना तिथून आधी हलवा.

ए-१०२ काका: डबे हलवले. आता गच्चीखालच्या सावलीतही नको, पेंटरलाच परत न्यायला सांगितलं.

डी-४०३: मॅडम, मग खरा नकाराचा ‘इन’ म्हणजे आपला ‘अ’च का? एमपीएससीच्या अभ्यासात हे नेहमी अडते.

सी-३०१ मॅडम: अगदी सख्खा! संस्कृत ‘अ’, ग्रीक ‘अ’, लॅटिन ‘इन’, इंग्रजी ‘अन’, सगळे एकाच मुळाचे. आपल्याकडे स्वर आला की ‘अ’चा ‘अन्’ होतो: अनंत, अनादि. ग्रीकमध्येही तसंच: एटम म्हणजे अ-विभाज्य, पण स्वराआधी ‘अ‍ॅन’ होऊन अ‍ॅनार्की, म्हणजे अराजक. आता हे बघा: अमृत, ग्रीक देवांचं अन्न ‘अ‍ॅम्ब्रोशिया’, लॅटिनमधून आलेलं ‘इम्मॉर्टल’ म्हणजे अमर. उपसर्गही तोच आणि मरणाचा धातूही तोच! अज्ञ, इग्नोरंट, ‘अनकूथ’ यांचंही तसंच, इथं धातू ‘ज्ञा’ म्हणजे जाणणं. ‘कूथ’ म्हणजे ठाऊक असलेला. अनकूथ म्हणजे मुळात फक्त अनोळखी, असभ्य हा अर्थ मागाहून चिकटला. अनोळखी माणसाला लगेच रानटी ठरवायची खोड जुनीच दिसते. इंग्रज शास्त्रज्ञ हक्सली यांनी १८६९ मध्ये ‘अ‍ॅग्नॉस्टिक’ (अज्ञेयवादी) हा शब्द घडवला तो याच ज्ञा-धातूचा. यादी पाठ करण्यापेक्षा असे गोतावळे धरा, विसरणार नाही.

डी-४०३: भारीच 🙏 आणि ‘इन्फंट’?

सी-३०१ मॅडम: न बोलणारं. ‘फारी’ म्हणजे बोलणं.

बी-२०४ वहिनी: मॅडम, पिल्लू विचारून राहिला, डिसग्रंटल्ड म्हणजे नाराज, तर ‘ग्रंटल्ड’ म्हणजे खूश का?

सी-३०१ मॅडम: छान विचारलं. इथला ‘डिस’ नकार देत नाही, जोर देतो. ‘ग्रंटल’ म्हणजे कुरकुरणं, म्हणजे डिसग्रंटल्ड हा पुरता कुरकुरलेला. खूश या अर्थाचा ‘ग्रंटल्ड’ विसाव्या शतकात लोकांनी गमतीनं उलटा काढला.

डी-४०३: आणि अनलॉकमधला ‘अन’?

सी-३०१ मॅडम: तो वेगळ्या घरचा. नकार नाही, केलेलं उलटवणं. ‘आन्सर’च्या सुरुवातीला जो ‘आन’ आहे, ‘समोरून, विरुद्ध’ अशा अर्थाचा, त्याचा हा भाऊ.