कोन फिल्टरनं गाडी पळते म्हणे!

लेथवाला_उद्यमबाग: काल एकानं बॉनेट उघडून लाल कोन फिल्टरचा, म्हणजे शंकूसारख्या उघड्या एअर फिल्टरचा फोटो टाकला. खाली लिहिलं, 'कोल्ड एअर इनटेक बसवला, १० बीएचपी ताकद वाढली, ड्रॅग रेसला तयार.' तीस जणांनी 'कडक भावा' केलं. मला झोप लागेना. अरे, कोल्ड एअर म्हणजे बाहेरची गार हवा, त्यात कोल्ड काय आहे? कोन रेडिएटर फॅनच्या मागं, एक्झॉस्टपासून वीतभर. कंपनीचा फिल्टरचा डबा पुढनं, हेडलाइटच्या बाजूनं बाहेरची हवा ओढत होता. तो काढून माळ्यावर टाकलात आणि इंजिनाला भट्टीतली हवा पाजताय. मी स्कॅनर लावून इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान बघितलंय. गाडी लाइनवर उभी असताना डब्यासकट ४१ अंश, उघड्या कोनावर ५८. केल्विन करायला दोन्हीत २७३ मिळवा आणि भागा की. हवा ५ टक्के विरळ. वर ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) नॉकच्या, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटायच्या भीतीनं ठिणगीचं टायमिंग मागं घेतो, ताकद जाते ते वेगळंच. वाढला तो आवाज.

निपाणी_टर्बो: ड्रॅगचं ४०२ मीटर कधी मारलंयस का? उभ्या गाडीचं तापमान काय सांगतोस. सुटली की आकडा उतरतो. माझा टाइम १६.१ सेकंदांवरनं १५.८ आला.

लेथवाला_उद्यमबाग: उतरतो की, पण तो उतरेस्तोवर तुझी शर्यत संपते. १६.१ कुठं मारलास, १५.८ कुठं?

निपाणी_टर्बो: पहिला इथं बेळगावात, दुसरा गोव्यात. त्याचं काय?

लेथवाला_उद्यमबाग: बेळगाव साडेसातशे मीटरवर आहे रे बाबा. समुद्राकाठची हवा आपल्यापेक्षा सात-आठ टक्के दाट. कोनाला ओवाळू नको, समुद्राला नारळ सोड.

खानापूर_जुलै: तुमचं गणित चालू द्या. मी खरा कोल्ड एअर बसवला होता, पाइप बंपरमागं खाली उतरवून. हवा गारेगार, गाडी झकास. जुलैत ओढ्याच्या पुलावर गुडघाभर पाणी, मी घातली गाडी. फिल्टरनं पाणी ओढलं, पाणी काय दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकला. सत्तर हजार गेले. आमच्याकडं चार महिने पाऊस, तिथं फिल्टर खाली नेणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार.

चिकोडी_केए२३: ते राहू दे. गोव्यात केए पाटीवर गेलास आणि कुणी अडवलं नाही?

निपाणी_टर्बो: अडवलं की! जाताना एकदा, येताना दोनदा. येताना तर बॉनेट उघडायला लावलं.

चिकोडी_केए२३: आमचं असंच. कोल्हापूरकडं गेलो की केए बघून बाजूला घेतात. म्हणून मामाच्या पत्त्यावर एमएच-०९ घेतली, तर इकडं धरून रोड टॅक्स भरायला लावला. एकाच गाडीचा टॅक्स दोनदा!

खानापूर_जुलै: माझ्या मागच्या काचेवर मराठीत कुलदैवताचं नाव आहे. त्यावरनं अर्धा तास.

शहापूर_जुना_गडी: काचेवर नाव कशाला पाहिजे? गाडी पळवायची का मोर्चा काढायचाय?

खानापूर_जुलै: तुमच्या काचेवर काय लिहायचं ते तुम्ही बघा. माझ्या देवाला मधे आणू नका.

चिकोडी_केए२३: जुन्या गड्याला कधी अडवलं नसेल. घरातनं बाहेर पडलं तर अडवतील ना.

शहापूर_जुना_गडी: १९९४ पासून घाट करतोय. तुझा जन्म तरी झाला होता का?

लेथवाला_उद्यमबाग: धागा इनटेकचा आहे, पाट्यांचा नव्हे!! ज्याला कोनच लावायचाय त्यानं भोवती पत्र्याचा डबा करावा, वरच्या कडेला रबर, बॉनेट बसलं की घट्ट. ग्रीलपासून डक्ट आणावा, बंपरच्या वरनं. आमच्या गल्लीत पत्रा वाकवणारे चार जण आहेत. आणि दोन रनच्या मधे बॉनेट उघडं ठेवून इनटेक मॅनिफोल्डवर (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांवर) बर्फाच्या पिशव्या. ड्रॅगवाले जगभर हेच करतात, त्याला लाल रंग लागत नाही.

निपाणी_टर्बो: बरं महाराज, तुम्ही म्हणाल तसं. समुद्राचं मान्य. पण डब्यात घातल्यावर आवाज जातो त्याचं काय?

लेथवाला_उद्यमबाग: आवाज पाहिजे तर सायलेन्सर काढ. मग दोन्ही राज्यांत अडवतील, भेदभाव नाही.

निपाणी_टर्बो: रविवारी येतो. स्कॅनर तयार ठेव. कंपनीचा डबा सापडला तर आणतो, आईनं त्यात कांदे ठेवलेत.