अमेरिकेतल्या कॉलेजचा अर्ज: ‘प्रोफाइल’ बनवून घ्यायचं का?

कोथरूडची_आई

लेक अकरावीत आहे. स्टेट बोर्ड, सायन्स. बारावीनंतर अमेरिकेत शिकायचं तिच्या डोक्यात आहे. गेल्या रविवारी आम्ही तिघं एका काउन्सेलरकडे जाऊन आलो. काचेची केबिन, भिंतीवर विद्यापीठांचे झेंडे. पॅकेज साडेचार लाखांचं. त्यात एक एनजीओ ‘स्थापन’ करायची, एका मेंटॉरबरोबर रिसर्च पेपर ‘काढायचा’ आणि निबंधांवर बारा बैठका.

लेकीनं आपली यादी सांगितली. तीन वर्षं ढोलपथकात आहे, गेल्या वर्षापासून पथकाची जमाखर्चाची वही तिच्याकडे असते. गणित ऑलिंपियाडमध्ये आरएमओपर्यंत, म्हणजे विभागीय फेरीपर्यंत पोचली, पुढे नाही. आजीचं इन्सुलिन आणि रात्रीचं जेवण ती बघते, कारण मला घरी यायला आठ वाजतात. ते गृहस्थ म्हणाले, “नाइस, पण यात स्टँडआउट काही नाही.” येताना रिक्षात पोरगी एक अक्षर बोलली नाही.

नवरा म्हणतो, एवढा खर्च करणारच आहोत तर त्यात साडेचार लाखांचं काय. मला पटत नाही, पण माझं चुकलं तर नुकसान तिचं होणार. अनुभवी लोकांनी सांगावं.

डॅलसकर

ताई, स्पष्ट सांगतो, राग मानू नका. पैसे भरा. माझा मुलगा दोन वर्षांपूर्वी याच चरकातून गेलाय. इथली मुलं नववीपासून तयारीला लागतात. मुंबईतल्या आयबी (आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या) शाळांत काउन्सेलर शाळेच्या पगारावर असतो, कॉलेजांची माणसं शाळेत येऊन बोलून जातात. तुमच्या लेकीच्या ज्युनियर कॉलेजात कोण आहे? ऑफिसातला क्लार्क. एनजीओ नको वाटत असेल तर नका काढू, पण माहीतगार माणूस हवाच. हा हौशी लोकांचा खेळ राहिलेला नाही.

मिसळ_बिनपावाची

पुण्यातली बारावीची मुलं जेवढ्या एनजीओ काढतात तेवढ्या खरंच चालल्या असत्या, तर मुठेचं पाणी आपण ओंजळीनं प्यायलो असतो. आमच्या सोसायटीतल्या एका ‘फाउंडर’नं वॉचमनच्या मुलांना इंग्रजी शिकवायला घेतलं. फोटो निघाले, वेबसाइट झाली, मुलगा विमानात बसला. फळा अजून पार्किंगमध्ये आहे. वॉचमनचा धाकटा त्यावर क्रिकेटचा स्कोअर लिहितो.

डॅलसकर

हसायला ठीक आहे. पण तो मुलगा विमानात बसला ना?

मिसळ_बिनपावाची

हा पॉइंट तुमचा.

ज्युनियरचे_सर

बरेच दिवस रोमात, म्हणजे नुसता वाचत होतो. वर ज्युनियर कॉलेजचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी फिजिक्स शिकवतो.

कॉमन ॲपमध्ये, म्हणजे तिकडच्या बऱ्याच कॉलेजांना चालणाऱ्या सामाईक ऑनलाइन अर्जात, मुलाचा भाग वेगळा आणि शाळेचा वेगळा असतो, हे बहुतेक पालकांना ऑक्टोबरात कळतं. शाळेकडून रिपोर्ट, काउन्सेलरचं पत्र, नववी ते बारावीचे मार्क, वर साधारण दोन विषयशिक्षकांची शिफारसपत्रं. आपल्याकडे नववी-दहावी शाळेत आणि पुढची दोन वर्षं कॉलेजात, म्हणजे दोन्हीकडे खेटे. बोर्डाचा निकाल येईपर्यंत तिकडचे निर्णय होऊन गेलेले असतात, त्यामुळे बारावीचे अंदाजे मार्क कॉलेजनं द्यायचे. पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा आमचे तेव्हाचे प्राचार्य म्हणाले होते, “अंदाजे? आपण काय ज्योतिषी आहोत?”

आता पत्रांबद्दल. इंटिग्रेटेड कोर्सची (कॉलेजशी जोडलेल्या क्लासची) मुलं कॉलेजात येतात ती प्रॅक्टिकलला आणि हॉल तिकीट न्यायला. नाव ऐकून चेहरा आठवत नाही. मग पालकच पत्र टाइप करून आणतात. एकदा एकाच आठवड्यात तीन आली, तिन्हींची सुरुवात “माझ्या वीस वर्षांच्या अध्यापनात असा विद्यार्थी...” माझी नोकरी तेव्हा अकरा वर्षांची होती. दोन परत केली. तिसऱ्यावर सही केली, कारण वडील ओळखीचे होते. ती सही अजून बोचते.

मी लिहिलेलं सगळ्यात चांगलं पत्र एका मुलीचं. लंबकाच्या प्रयोगात अख्ख्या बॅचनं सीनियरच्या जर्नलमधून ९.८ उतरवलं होतं. तिचं उत्तर ९.६ आलं आणि तिनं ९.६च लिहिलं. दोन दिवसांनी स्टाफरूममध्ये आली: “सर, मी दोऱ्याची लांबी गोळ्याच्या वरच्या कडेपर्यंतच मोजली होती, मध्यापर्यंत नाही.” असं काही घडलेलं असलं की पत्र लिहायला अर्धा तास लागतो. नसलं की तीन तासांतही लिहिता येत नाही.

ताई, साडेचार लाखांचं नंतर बघू. लेकीला नावानं ओळखणारे दोन शिक्षक आहेत का, ते आधी तपासा.

खिडकीजवळची_सीट

सरांना +१.

मी तिकडच्या एका विद्यापीठाची माजी विद्यार्थिनी. दर हिवाळ्यात चार-सहा अर्जदारांशी व्हिडिओवर बोलते. निवड माझ्या हातात नाही, मी फक्त टिपण पाठवते.

एका मुलाचा मशीन लर्निंगनं कॅन्सर ओळखण्याचा पेपर होता. डेटा कुठला? “मेंटॉरनं दिला.” किती पेशंटचा? गप्प. पंधरा मिनिटं अशीच ओढत काढल्यावर तो आपणहून कबुतरांवर आला. बाल्कनीला जाळी लावली की ती कोणत्या खिडकीत जातात, किती दिवसांनी परत फिरतात, याची त्यानं वर्षभर वही ठेवली होती. त्याचा चेहराच बदलला. अर्जात काय काय लिहिलंस, विचारलं, तर त्यात कबुतरं नव्हतीच. ‘सीरियस वाटत नाही’ म्हणून कोणीतरी काढायला लावली होती!

कॉमन ॲपमध्ये उपक्रमांना दहा जागा, वर्णनाला प्रत्येकी १५० अक्षरं, स्पेस धरून. एमआयटीचा अर्ज स्वतंत्र आहे, तिथे उपक्रमांना चारच जागा, म्हणजे यादी लांबवायची सोयच नाही. आणि कॉमन ॲपच्या प्रकारांत ‘घरच्या जबाबदाऱ्या’ हा वेगळा प्रकार दिलेला आहे. आजीचं इन्सुलिन तिथे बसतं. पथकाबद्दल ‘सांस्कृतिक उपक्रमात सहभाग’ असलं काही लिहू नका. वादक किती, सुपारीचे पैसे किती आले, ढोलाची पानं बदलायला किती गेले, वहीत आधी काय गोंधळ होता, हे लिहा. मुख्य निबंधाला ६५० शब्द मिळतात, त्यात एक गोष्ट नीट मावते, दोन मावत नाहीत.

आरएमओमध्ये त्या माणसाला काही दिसलं नाही हे मात्र नवलच आहे. आयओक्यूएम ही पहिली चाळणी पार केल्याशिवाय तिथे बसताच येत नाही. एमआयटीनं एसएटी ही तिकडची प्रवेशपरीक्षा २०२२ मध्ये पुन्हा सक्तीची केली, हार्वर्डनं २०२४ मध्ये. गणितात रमणाऱ्या मुलीनं वेळ तिकडे द्यावा.

सीईटीच_बरी

सगळे मिळून एका संशयास्पद गोष्टीला शहाणपण म्हणताय. सोळा-सतरा वर्षांच्या पोरीनं आजीचं इन्सुलिन अर्जात मांडायचं, ही कल्पनाच मला किळसवाणी वाटते. घरातलं दुखणं बाजारात न्यायचं, तेही १५० अक्षरांत. आमच्या कॅप राउंडला पर्सेंटाइल, प्रवर्ग आणि पसंतीक्रम लागतो. तुझी आजी कशी आहे, हे कोणी विचारत नाही. मला त्यात मुलाचा मान राखलेला दिसतो.

आणि अमेरिकेतला २०१९चा प्रवेशघोटाळा विसरलात? रिक सिंगर काउन्सेलरच होता. पोरांचे चेहरे खेळाडूंच्या फोटोंवर चिकटवले, न खेळणाऱ्यांना खेळाडू म्हणून घुसवलं, प्रशिक्षकांना पैसे चारले. सिनेमा-मालिकांतल्या नट्यासुद्धा तुरुंगात जाऊन आल्या, सिंगरला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप मिळतं हे तर हार्वर्डवरच्या खटल्यात उघड मांडलं गेलं. तिकडची कॉलेजं म्हणे नुसते मार्क नाही, पूर्ण माणूस बघतात!

खिडकीजवळची_सीट

घोटाळा खरा, झुकतं मापही खरं. पण सीईटीला आजी विचारत नाहीत, तसा आजीपायी बुडालेला क्लासही विचारत नाहीत. लातूरला खोली घेऊन दोन वर्षं राहणारा आणि घरी स्वयंपाक करून परीक्षेला बसणारी, दोघांना एकच पर्सेंटाइल लावायचं, त्यात कसला मान?

सीईटीच_बरी

बुडालेल्या क्लासचा मुद्दा मान्य. पण सीईटीची आन्सर की येते, आक्षेप घेता येतो. निबंधाला कोण, कशावर, किती मार्क देतं हे मला कोणी दाखवेल? नकार आला तर का आला, हे पोरीला कधीच कळणार नाही. ती समजणार की आपणच कमी पडलो. रिक्षातल्या त्या गप्प बसण्याचं मूळ इथेच आहे.

खिडकीजवळची_सीट

यावर माझ्याकडे उत्तर नाही.

हिशेबी_काका

आजी झाली, कबुतरं झाली. पैशाचं कोण बोलणार?

नावाजलेल्या खासगी कॉलेजांत राहण्याखाण्यासकट वर्षाला ८० हजार डॉलरच्या वर जातात. गुणिले चार. परदेशी मुलाचा अर्ज वाचताना घरची ऐपत न बघणारी कॉलेजं मोजकी: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट आणि आणखी थोडी. बाकी बहुतेक ठिकाणी मदत मागितली की ती निवडीत धरली जाते, स्टॅनफर्डलासुद्धा. बर्कली, यूसीएलए वगैरे कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं एसएटी बघत नाहीत, पण परदेशी मुलांना गरजेवर मदतही देत नाहीत. म्हणजे एकच अर्ज, एकच निबंध, पण बाप पूर्ण फी भरणारा असेल तर एक वजन आणि नसेल तर दुसरं.

अर्ली डिसिजनचं बंधनही समजून घ्या. निवड झाली की जायचंच, मदत अपुरी पडली तरच सुटका. चार कॉलेजांच्या ऑफर शेजारी ठेवून बघायची सोय जाते. साडेचार लाख मागणाऱ्यानं यातलं काय सांगितलं?

कोथरूडची_आई

काहीच नाही. फीचं विचारलं तेव्हा त्यांची फी सांगितली.

ओहायोतली_थंडी

मी नाशिकची. इथल्या एका छोट्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. माझाही काउन्सेलर होता, स्वस्तातला. त्याच्यामुळे एकही तारीख चुकली नाही हे कबूल करते. १ नोव्हेंबर, १ जानेवारी, मधेच आर्थिक मदतीचे फॉर्म, मी एकटी असते तर गोंधळ घातला असता.

पण निबंध! मी आजोबांच्या द्राक्षबागेवर लिहिलं होतं. घड विरळ करताना कोणते मणी काढायचे हे त्यांना बघताक्षणी कळायचं आणि मला चार हंगाम कळलं नाही. सात ड्राफ्टनंतर त्यात ‘रेझिलियन्स’ तीनदा आलं आणि कात्री गायब झाली. अर्लीत नकार. डिसेंबरात मी पहिला ड्राफ्ट परत काढला, शुद्धलेखन बघितलं आणि तोच पाठवला. त्यावर नऊ नकार आले, दोन होकार. होकार त्याच्यामुळेच आले असं छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत.

डॅलसकर

नऊ नकार. चांगला काउन्सेलर असता तर?

ओहायोतली_थंडी

काका, माझ्या शेजारच्या खोलीतल्या मुलीच्या काउन्सेलरनं सात लाख घेतले होते. आम्ही एकाच मेसमध्ये जेवतो.

कोथरूडची_आई

सगळं लेकीला वाचायला दिलं. ‘सीईटीच_बरी’ यांचं दोनदा वाचलं तिनं. म्हणाली, निबंध आजीवर लिहिणार नाही, यादीत एक ओळ टाकेन, तीही आजीला विचारून. आजीला विचारलं तर ती म्हणाली, “लिही की. पण पहिल्या महिन्यात सुई टोचताना तुझाच हात थरथरायचा, तेही लिही.”

निबंध पथकाच्या वहीवर सुरू केलाय. विसर्जनानंतर हिशेबात ३४० रुपये जास्त निघाले होते, आणि ते कोणाचे हे शोधायला तिला नऊ दिवस लागले. घरात राहून मला हे ठाऊक नव्हतं.

नवरा अजून पुरता वळलेला नाही. फक्त तारखा आणि फॉर्म बघेल असा, तासावर पैसे घेणारा कोणी मिळतो का हे शोधतोय. एनजीओ रद्द. सर, शिक्षकांचं म्हणाल तर केमिस्ट्रीच्या मॅडम तिला ओळखतात. दुसरं कोणी नाही.

डॅलसकर

तासावरचा तर तासावरचा. पण माणूस घ्या. माझं मत तेच आहे.

ज्युनियरचे_सर

गणिताच्या सरांना आरएमओचा पेपर घेऊन भेटू दे. सुटलेला प्रश्न नको, न सुटलेला घेऊन जा म्हणावं. आणि नववीचं प्रगतिपुस्तक, दहावीची मार्कशीट शाळेतून सही-शिक्क्यासह याच वर्षी आणून ठेवा. १ नोव्हेंबरच्या आगेमागे बहुतेक वर्षी दिवाळीची सुट्टी असते आणि ऑफिसला कुलूप.

कोथरूडची_आई

उद्याच जाते.

मिसळ_बिनपावाची

बाकी सगळं ठीक, पण ते ३४० रुपये कोणाचे निघाले?

कोथरूडची_आई

मीही विचारलं. म्हणाली, “आई, ५१२ शब्द झालेत, थांब जरा.”