मदत हवी आहे: कॉइट टॉवर, आईचा गुडघा आणि बाबांची इच्छा

नमस्कार. आम्ही फ्रीमाँटला राहतो. आई-बाबा ऑगस्टमध्ये पहिल्यांदाच येताहेत. सॅन फ्रान्सिस्कोसाठी एकच रविवार हातात आहे. गोल्डन गेट, क्रुकेड स्ट्रीट वगैरे आम्ही गाडीतून दाखवू. पण एक ठिकाण मला त्यांना चालत, निवांत दाखवायचंय: टेलिग्राफ हिलवरचा कॉइट टॉवर. तिथे जाऊन आलेल्यांकडून सल्ला हवाय.

हाच टॉवर का, ते सांगते. बाबा महापालिकेच्या अग्निशमन दलात होते. फायरमन म्हणून लागले आणि ३१ वर्षांनी निवृत्त झाले. १४ एप्रिल आमच्या घरात सणवारासारखा लक्षात असतो. १९४४ साली मुंबईच्या गोदीत स्फोट झाला, त्यात दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या आठवणीचा तो दिवस. बाबा अजूनही त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून स्टेशनवर जाऊन उभे राहतात. मागे फोनवर मी त्यांना लिली कॉइटची गोष्ट सांगितली. १८५८ साली, पंधरा वर्षांची असताना, याच टेकडीवरच्या आगीकडे निघालेल्या ५ नंबरच्या कंपनीला (म्हणजे अग्निशामकांच्या तुकडीला) बंब ओढायला माणसं कमी पडताना तिने पाहिलं आणि दोराला स्वतःच हात घातला, असं सांगतात. पुढे १८६३ मध्ये त्या कंपनीने तिला मानद सदस्य करून घेतलं. १९२९ साली ती गेली, तेव्हा शहर सुंदर करण्यासाठी तिने पैसे ठेवले होते. त्यातून हा २१० फुटी टॉवर १९३३ मध्ये उभा राहिला. हे ऐकून बाबा थोडा वेळ गप्प झाले आणि म्हणाले, "तिथं मला ने." बाबा कधी काही मागत नाहीत, म्हणून मला हे नीट करायचंय.

अडचण आईची आहे. तिचा उजवा गुडघा मागच्या नोव्हेंबरात बदलला. सपाटीवर ती पाऊण तास चालते. कठडा असेल तर एक मजला चढते. उतरताना मात्र एकेक पायरी, आणि मध्ये थांबावं लागतं. आपल्यामुळे कुणाचं अडलं की ती फार कष्टी होते. "तुम्ही जाऊन या, मी खाली बसते" हे वाक्य मला त्या दिवशी ऐकायचं नाहीये.

माझे प्रश्न:
वॉशिंग्टन स्क्वेअरपासून वर चालत जाणं तिला झेपेल का? आत लिफ्ट आहे असं वाचलं, ती अगदी वरपर्यंत जाते का? आणि पूर्वेच्या बाजूच्या फिल्बर्ट स्टेप्सचं मला स्वतःला फार आकर्षण आहे, पण त्या तिच्यासाठी कितपत शहाणपणाच्या?

पायवाट
फिल्बर्ट स्टेप्स आईंना नकोच. काही शे पायऱ्या आहेत, नेपियर लेनच्या आसपास तर लाकडी. वाटेतल्या बागा अतिशय देखण्या आहेत, मान्य. पण गुडघा बदललेल्या माणसाला चढण्यापेक्षा उतरण्याची धास्ती जास्त असते, हे तुम्हीच लिहिलंय.
वॉशिंग्टन स्क्वेअरवरून वर जाणारी फिल्बर्ट स्ट्रीटही खडी आहे, शेवटी फुटपाथच्याच पायऱ्या होतात. तिथून ३९ नंबरची बस घ्या, ती थेट टॉवरच्या दाराशी सोडते. स्वतःची गाडी वर नेऊ नका. पार्किंग जेमतेम, आणि रविवारी गाड्यांची रांग टेकडीच्या वळणापर्यंत येते.

सह्यवारा
लिफ्टबद्दल: ती गच्चीपर्यंत जात नाही. लिफ्टमधून बाहेर पडल्यावर तीस-चाळीस पायऱ्या उरतात. आमच्या सासूबाईंना हे वर गेल्यावर कळलं आणि त्यांचा चेहरा उतरला. तुम्ही आईंना घरीच सांगून ठेवा. एक मजला चढतात म्हणताय, तर घाई न करता जमेल. लिफ्ट लहान आहे, वाट बघावी लागते, तोवर त्यांना बसू द्या.
आणि वर गेल्या नाहीत तरी तळमजला चुकवू नका. १९३४ साली, मंदीच्या दिवसांत, सरकारने पगार देऊन चित्रकारांकडून भिंती रंगवून घेतल्या. ओल्या गिलाव्यावरची चित्रं आहेत. शेतमजूर, फळं तोडणारी माणसं, कारखाने, भर रस्त्यात बंदूक रोखून लुबाडणारे चोर, सगळं आहे. काही चित्रांतल्या डाव्या विचारांवरून तेव्हा एवढा गदारोळ झाला की लोकांसाठी टॉवर उघडायलाच उशीर झाला. माझ्या मते वरच्या देखाव्यापेक्षा या भिंती मोठ्या आहेत. देखावा ट्विन पीक्सवरूनही दिसतो.

अबोली_
ऑगस्ट म्हणून उन्हाळी कपडे घालून आणू नका! वर बोचरा वारा असतो. आईंना स्वेटर आणि कानाला स्कार्फ हवाच. धुकं पश्चिमेकडून येतं, टेलिग्राफ हिल पूर्वेला असल्यामुळे तिथे बऱ्याचदा आधी मोकळं होतं. दुपारी बारा-एकच्या सुमारास जा.
झाडांत लाल डोक्याचे हिरवे पोपट दिसले तर आईंना दाखवा. कधीकाळी पाळलेले पक्षी सुटले, त्यांचे हे थवे. २०२३ मध्ये शहराने त्यांना अधिकृत प्राणी ठरवलं. आवाज मात्र आपल्या पोपटांपेक्षा कर्कश.

जुना_बंब
मीही फायर सर्व्हिसवाल्याचा मुलगा, म्हणून लिहितोय. टॉवर होजपाइपच्या नोझलसारखा बांधलाय, असं गाईड सांगतात. ते खरं नाही, वास्तुरचनाकारांच्या मनात तसं काही नव्हतं. बाबांना आधी सांगा, नाहीतर ते आकारात नोझल शोधत राहतील.
खरं स्मारक खाली वॉशिंग्टन स्क्वेअरमध्ये आहे. तीन अग्निशामकांचा पुतळा, एकाच्या हातांवर वाचवलेली बाई. हेग पतिगियन यांनी केलेला, १९३३ चा, तोही लिलीच्याच पैशांतून. तिथे सपाट बाग आहे, बाकं आहेत. माझा सल्ला: सुरुवात टॉवरने नको, या पुतळ्याने करा. म्हणजे आई पहिल्या क्षणापासून सोबत असतील.
शहरातले मोठे हायड्रंटही दाखवा. १९०६ च्या भूकंपात पाण्याच्या वाहिन्या फुटल्या आणि शहर जळत राहिलं. त्यानंतर आगीसाठी उच्च दाबाची वेगळी व्यवस्था बांधली. त्या हायड्रंटच्या टोपीचा रंग निळा, लाल की काळा, यावरून पाणी कुठल्या टाकीचं ते कळतं. माझे वडील अशा एका हायड्रंटपाशी वीस मिनिटं उभे होते.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. पुतळ्याचं मला अजिबात ठाऊक नव्हतं!
आता असं ठरवलंय: बार्ट ट्रेनने पॉवेल स्टेशनला उतरायचं, ३० नंबरच्या बसने वॉशिंग्टन स्क्वेअर, तिथे डबा खायचा, मग ३९ ने वर. आईला पायऱ्यांचं काल फोनवर सांगितलं. तिने विचारलं, कठडा कुठल्या हाताला आहे. तेवढं कुणी सांगू शकेल का? उतरताना तिला उजव्या हाताचा आधार लागतो. आणि रविवारी ३९ किती वेळाने येते, हल्ली कुणी गेलं असेल तर तेही लिहा.