दीर्घकाळच्या अंगदुखीसाठी लाइमचे निदान : पुण्यात कोणाला दाखवावे?

मुठाकाठ :
माझ्या पत्नीचे वय ३८ असून गेली जवळजवळ दोन वर्षे तिचे अंग सतत दुखते. दुखणे कधी मानेत, कधी मनगटांत, तर कधी पोटऱ्यांत असते. सकाळी लाटणे धरताना बोटे वळत नाहीत आणि दुपारपर्यंत इतका थकवा येतो की बसल्या जागी डोळे मिटतात. संधिवाताच्या आणि थायरॉइडच्या तपासण्या नॉर्मल आल्या. ड जीवनसत्त्व कमी होते, ते भरून काढले, तरी फरक पडला नाही. एका रुग्णालयात तर "रिपोर्ट चांगले आहेत, मनाला लावून घेऊ नका" एवढेच सांगून परत पाठवले, आणि त्याचे तिला दुखण्याइतकेच वाईट वाटले.

आम्ही दोघे राजगड, ताम्हिणीच्या बाजूला भटकायला जातो आणि गुरांच्या वाटेने आल्यावर पायाला चिकटलेल्या गोचिडी काढलेल्या आहेत. लाइम या गोचिडीतून होणाऱ्या जिवाणूजन्य आजाराची लक्षणे वाचली, ती जुळतात असे वाटले, म्हणून खासगी लॅबमध्ये तपासणी करून घेतली. रक्तातील प्रतिपिंडांच्या दोन प्रकारांपैकी आयजीएम पॉझिटिव्ह आणि आयजीजी निगेटिव्ह आले आहे. आता कोणत्या तज्ज्ञाकडे जावे आणि डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा मोठा कोर्स मागावा का, याबद्दल कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त फिजिशियन :
तुमच्या पत्नीचे दुखणे खरे आहे, हे आधी सांगतो. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून ते खोटे ठरत नाही. पण हाती आलेल्या रिपोर्टवरून लाइमचे निदान करता येणार नाही. संसर्ग झाल्यावर आयजीएम प्रतिपिंडे आधी दिसतात आणि साधारण चार ते सहा आठवड्यांत आयजीजी तयार होतात. दुखणे इतके जुने असताना आयजीजी निगेटिव्ह आणि केवळ आयजीएम पॉझिटिव्ह असेल, तर तो रिपोर्ट बहुधा फसवा असतो. इतर संसर्गांत किंवा स्वप्रतिकार विकारांतही असे घडते. म्हणूनच पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली की दुसरी, बहुतेक वेळा वेस्टर्न ब्लॉट, करतात आणि त्यातील आयजीएमचा निकाल लक्षणे सुरू झाल्यापासून पहिल्या ३० दिवसांतच ग्राह्य धरतात.

दुसरा मुद्दा गोचिडीचा. लाइमचे बोरेलिया जिवाणू आयक्सोडिस जातीच्या गोचिडी पसरवतात आणि हा आजार मुख्यतः अमेरिकेच्या ईशान्य भागात व युरोपात आढळतो. भारतातून तुरळक रुग्णांच्या नोंदी आहेत, परंतु आपल्याकडे गुरांच्या अंगावर आढळणाऱ्या गोचिडी सहसा वेगळ्या जातींच्या असतात. त्यांच्यापासून टिक टायफससारखे आजार होऊ शकतात, पण त्यांत काही दिवसांत तीव्र ताप येतो. वर्षानुवर्षे अंग दुखत राहत नाही. तुमच्या पत्नी परदेशात राहिल्या होत्या का? गोल, दिवसेंदिवस पसरत जाणारा लाल चट्टा कधी उठला होता का?

वारजेकर :
मला हा आजार कनेक्टिकटमध्ये नोकरीला असताना झाला होता. १९७५ च्या सुमारास ज्या लाइम गावाच्या परिसरात मुलांचे सांधे सुजू लागले आणि ज्यावरून आजाराला नाव पडले, ते गाव त्याच राज्यात आहे. मला गोचीड चावल्याचे कळलेच नव्हते, कारण तिची पिल्ले खसखशीच्या दाण्याएवढी असतात. चट्टाही लक्षात आला नाही. पुढे काही महिन्यांनी एकच गुडघा इतका सुजला की पँट वर सरकेना, मात्र सुजेच्या मानाने वेदना कमी होत्या. आयजीजी स्पष्ट पॉझिटिव्ह आले आणि २८ दिवसांच्या डॉक्सिसायक्लिनने गुडघा बरा झाला. आपण वर्णन केलेले, जागा बदलत राहणारे सर्वांगाचे दुखणे मला कधीच नव्हते.

सिंहगड रोड :
पुण्यात २०२४ च्या पावसाळ्यात चिकुनगुन्याची मोठी साथ होती, त्याचा विचार केला आहे का? मला तेव्हा ताप आला आणि तो ओसरल्यावरही मनगटे व घोटे कित्येक महिने दुखत राहिले. मला खरी मदत संधिवाततज्ज्ञ, म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, यांच्याकडे गेल्यावर मिळाली. त्यांनी प्रत्येक सांधा दाबून पाहिला, झोपेविषयी विचारले आणि नुसती वेदनाशामके न देता व्यायाम ठरवून दिला.

मुठाकाठ :
परदेशात ती कधी राहिलेली नाही आणि तसा चट्टाही आठवत नाही. त्या पावसाळ्यात तिला चार-पाच दिवस ताप मात्र आला होता. व्हायरल म्हणून गोळ्या दिल्या होत्या, तपासणी झाली नव्हती. आता चिकुनगुन्याची आयजीजी करून घ्यावी का?

निवृत्त फिजिशियन :
करायला हरकत नाही, पण ती पॉझिटिव्ह आली तरी संसर्ग कधीतरी होऊन गेला एवढेच कळेल. आजचे दुखणे त्यामुळेच आहे, हे ठरणार नाही. त्यापेक्षा ऱ्हुमॅटॉलॉजिस्टची वेळ घ्या आणि सकाळचा ताठरपणा किती मिनिटे टिकतो, हालचालीने दुखणे कमी होते की वाढते, झोपेतून उठल्यावर ताजेतवाने वाटते का, हे लिहून न्या. एखाद्या दिवशी सांधा सुजलेला दिसला तर लगेच फोटो काढून ठेवा, कारण तपासणीच्या दिवशी सूज असेलच असे नाही. सूज कधीच नसेल आणि झोप, थकवा व सर्वांगाची वेदना एकत्र असतील, तर डॉक्टर फायब्रोमायाल्जियाचाही विचार करतील. त्याचे निदान रक्ततपासणीवरून होत नाही.

डॉक्सिसायक्लिन मागू नका. लाइमनंतरच्या दीर्घ लक्षणांवर नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सुरुवातीच्या उपचारानंतर १२ आठवडे प्रतिजैविके देऊनही जास्तीचा फायदा दिसला नाही. लॅबचा रिपोर्ट मात्र फाइलमध्ये लावून न्या आणि ही तपासणी तुम्ही स्वतःहून केली होती, हे डॉक्टरांना आधीच सांगा.